ज्युनियर आइस हॉकीच्या राष्ट्रीय संघाची निवड आणि निकाल : बेळगाव सीमाभागातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडे चंदगड, या पट्ट्यात स्केटिंग करणारी पोरं भरपूर. संध्याकाळी मुलं रिंकवर आणि आई-बाबा कट्ट्यावर, हे चित्र ठरलेलं. डिसेंबर संपत आला की त्याच कट्ट्यावर मोबाईलमध्ये जागतिक ज्युनियर आइस हॉकीच्या क्लिप फिरायला लागतात आणि प्रश्न सुरू होतात. चौदा वर्षं मी इथल्या मुलांना चाकांवर उभं करतोय. दर हिवाळ्यात तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मे प्रश्न तिथूनच निघतात. आपण निवडीची यादी एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, निकालासारखी वाचतो : वर नाव असलेला हुशार, नाव नसलेला नापास. संघाची यादी तशी नसते.

"ज्युनियर" म्हणजे नक्की किती वर्षांचा?

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या मुलांच्या दोन मोठ्या वयोगट स्पर्धा आहेत. 20 वर्षांखालील स्पर्धा 1977 पासून अधिकृतपणे होते, साधारण 26 डिसेंबर ते 5 जानेवारी. 18 वर्षांखालील मुलांची 1999 पासून होते, एप्रिलमध्ये. लोक नुसतं "वर्ल्ड ज्युनियर" म्हणतात तेव्हा पहिलीबद्दल बोलत असतात.

वय मोजतात ते जन्मवर्षावरून. 2026 च्या स्पर्धेसाठी 2006 किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू चालतो, आणि खालची मर्यादा 2010. म्हणजे 31 डिसेंबर 2005 ला जन्मलेला मुलगा बाहेर आणि 1 जानेवारी 2006 ला जन्मलेला आत. एका रात्रीचा फरक, खरं नियम म्हणजे नियम.

मुलाच्या दाखल्यावर 1 जून आहे, खरी तारीख वेगळी आहे. चालेल का?

आपल्याकडच्या कितीतरी आजोबा-काकांचा वाढदिवस 1 जूनला असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने वर्ष धरलं आणि पुढे 1 जून लिहून टाकलं, त्याची ही वर्षानुवर्षांची पुण्याई. आजच्या मुलांचं तसं होत नाही, दवाखान्यातून जन्माचा दाखला मिळतो. तरी घोळ होतोच. बाळंतपण माहेरी, आजऱ्याला किंवा कोल्हापूरला, दाखला मराठीत. शाळा बेळगावात, तिथे नाव कन्नडमध्ये. आधारवर इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावर एक वर्ष आणि आधारवर दुसरं वर्ष निघालं. राज्य निवडीच्या टेबलावर बसलेल्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा काढला आणि फक्त मान हलवली. पोरगी बूट बांधून तयार होती. तिने सावकाश नाड्या सोडल्या, ते मला अजून दिसतं. त्या दिवशी तिच्यापेक्षा माझी चूक मोठी होती, कारण मी कागद आधी तपासले नव्हते.

म्हणून सांगतो, मूल दहा वर्षांचं व्हायच्या आत जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर, आधार आणि पासपोर्ट, चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या. दिवस-महिना चुकला तर निस्तरता येतं. वर्ष चुकलं तर गटच बदलतो.

एका संघात किती मुलं असतात?

वर्ल्ड ज्युनियरला 25 नेता येतात : 22 मैदानी खेळाडू आणि 3 गोलकीपर. एका सामन्याला त्यातले 20 मैदानी आणि 2 गोलकीपर कपडे चढवतात. बर्फावर एका वेळी सहाच. कॅनडासारखा संघ साधारणपणे 14 फॉरवर्ड, 8 डिफेन्स आणि 3 गोलकीपर अशी वाटणी करतो.

सहाच खेळतात तर बाकीचे कशाला?

कारण कोणी सलग खेळूच शकत नाही. 20 मिनिटांचे तीन भाग, आणि त्यात एक खेळाडू एका दमात जेमतेम 45 सेकंद बर्फावर राहतो. मग कठड्यावरून उडी मारून आत बाकावर, आणि दुसरा बाहेर. तिघा फॉरवर्डची एक लाईन, अशा चार लाईन. डिफेन्सच्या जोड्या. खेळ चालू असतानाच ही अदलाबदल होते, शिट्टीची वाट बघत नाहीत.

आमचा मुलगा सगळ्यांत वेगवान आहे, मग त्याचं नाव का नाही आलं?

हा प्रश्न रागाने येतो, कधी रडू आवरत येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

निवड करणारे 25 सर्वोत्तम मुलं शोधत नसतात. ते 25 कामं भरत असतात. पहिल्या दोन लाईनमध्ये गोल करणारे हवेत. चौथ्या लाईनमध्ये असे हवेत जे अंगावर पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, झेलतील आणि तक्रार करणार नाहीत. कुणाला दोन मिनिटांची शिक्षा झाली की गोलकीपर सोडून चारच खेळाडू उरतात, तेव्हा ती दोन मिनिटं खिंड लढवणारे वेगळे लागतात. फेस-ऑफ (पंच दोघांच्या मध्ये पक टाकतो ती झटापट) जिंकणारा सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, वेगळा. डिफेन्सच्या जोडीत एक डाव्या हाताने आणि एक उजव्या हाताने स्टिक धरणारा असेल तर कठड्यालगतचा पक काढणं सोपं जातं, म्हणून पाच चांगले डावखुरे असले तरी सहावा उजवाच बघतात.

लेझीमच्या पथकात हलगी वाजवणारे दोघेच लागतात. तिसरा हलगीवाला त्या दोघांपेक्षा वाईट असतो असं नाही, जागा भरलेली असते.

कॅनडात डिसेंबरमध्ये निवड शिबिर होतं. सुमारे तीस मुलं बोलावतात आणि त्यातून घरी पाठवत पाठवत यादी 25 वर आणतात. घरी गेलेल्यांत पुढच्या वर्षी संघात आलेले कितीतरी असतात. तुमच्या मुलाचं नाव आलं नाही तर प्रशिक्षकाला "का नाही घेतलं" असं विचारू नका. "कुठल्या जागेसाठी बघत होता, आणि त्या जागेला याचं काय कमी पडलं" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस बचावात जातो, दुसऱ्याला खरं उत्तर मिळतं. आणि हा प्रश्न मुलासमोर विचारा. त्याला कळू दे की आपल्या वेगाला कुणी नावं ठेवलेली नाहीत, त्यांना मागे येऊन बचाव करणारा हवा होता.

मग नावाजलेले खेळाडूही यादीत का नसतात?

ते पुढे निघून गेलेले असतात. कॉनर बेडार्डने 2023 च्या स्पर्धेत 7 सामन्यांत 9 गोल आणि 14 असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास) केले, कॅनडाकडून एका स्पर्धेत दोन्ही मिळून कोणीच एवढे गुण मिळवले नव्हते. वयाच्या हिशेबाने तो 2024 आणि 2025 मध्येही खेळू शकत होता. खरं तोवर तो एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये, शिकागोकडून खेळत होता. मॅकलिन सेलेब्रिनी जून 2006 चा, तोही 2025 च्या यादीत नव्हता, कारण सॅन होजेच्या संघात होता. क्लबने सोडलं तरच मुलगा येतो. तेव्हा एखादं नाव गाळलेलं दिसलं की आधी तो कुठे खेळतोय ते बघा.

जानेवारीत जन्मलेल्या मुलांना जास्त संधी मिळते, हे खरं का?

खरं आहे. 1980 च्या दशकात रॉजर बार्न्सली या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाने ज्युनियर संघांच्या याद्या बघितल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं शेवटच्या महिन्यांतल्या मुलांपेक्षा फार जास्त निघाली. कारण साधं आहे. नऊ वर्षांच्या गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठा. त्याची उंची, ताकद जास्त, म्हणून तो निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात. पाच वर्षांनी तो खरोखरच चांगला झालेला असतो.

आमच्या रिंकवरही हेच होतं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलांची मी वेगळी वही ठेवतो आणि त्यांची वेळ त्यांच्याच मागच्या वर्षीच्या वेळेशी ताडून बघतो. त्यांच्या आयांना एवढंच सांगतो, बाराव्या वर्षापर्यंत थांबा.

निकालाचा तक्ता कसा वाचायचा?

नियमित 60 मिनिटांत जिंकलं तर 3 गुण. बरोबरी झाली तर जादा वेळ, त्यात किंवा शूटआउटमध्ये (एकेक खेळाडू एकट्या गोलकीपरसमोर फटका मारतो) जिंकणाऱ्याला 2 आणि हरणाऱ्याला 1. सरळ हरलं तर शून्य. म्हणजे प्रत्येक सामन्यातून 3 गुण निघतात, फक्त वाटणी बदलते.

2025 च्या ओटावामधल्या स्पर्धेतला अ गट घ्या. पाच संघ, प्रत्येकाचे चार सामने. अमेरिका 10, फिनलंड 8, कॅनडा 7, लाटव्हिया 4, जर्मनी 1. बेरीज करा, 30 येते. दहा सामने, प्रत्येकी तीन. तक्ता बरोबर आहे का बघायची ही माझी आवडती युक्ती, मुलांनाही शिकवतो.

आता आत शिरू. अमेरिका फिनलंडकडून जादा वेळेत 4-3 हरली, तरी तिला 1 गुण मिळाला. बाकी तीन सामने सरळ जिंकले, झाले 10. फिनलंड कॅनडाकडून 4-0 हरलं, जर्मनी आणि लाटव्हियाला सरळ हरवलं, अमेरिकेकडून 2 घेतले, झाले 8. कॅनडाची गोष्ट चटका लावणारी. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि लाटव्हियाने त्यांना शूटआउटमध्ये 3-2 हरवलं. शूटआउटमध्ये हरल्याने 1 गुण मिळाला, खरं दोन गेले. ते दोन मिळाले असते तर कॅनडा फिनलंडच्या वर गेला असता. तिसरा आल्यामुळे उपांत्यपूर्व फेरीत चेकियाशी गाठ पडली आणि 4-3 ने घरी.

निकालापुढे "ओटी" किंवा "एसओ" ही अक्षरं (पहिलं जादा वेळेचं, दुसरं शूटआउटचं) दिसली की थांबा, तिथे गुण वाटले गेलेत. नुसता 4-3 वाचून काही कळत नाही.

दोन संघांचे गुण सारखे झाले तर?

त्या दोघांच्या आपसातल्या सामन्यात जो जिंकला तो वर.

जादा वेळ किती?

गटातल्या सामन्यात 5 मिनिटं, बर्फावर तीन विरुद्ध तीन, मग शूटआउट. बाद फेरीत 10 मिनिटं. अंतिम सामन्याला शूटआउट नाही, गोल होईपर्यंत 20-20 मिनिटांचे भाग.

शेवटच्या संघाचं काय होतं?

वरच्या श्रेणीत दहाच संघ असतात, पाच-पाचचे दोन गट. दोन्ही गटांतले शेवटचे एकमेकांशी खेळतात आणि हरलेला खालच्या श्रेणीत जातो. 2025 मध्ये जर्मनी वाचली, कझाकस्तान खाली गेलं आणि त्याच्या जागी डेन्मार्क वर आलं. हा सामना कोणी बघत नाही. मला तो फार आवडतो, कारण त्यात एका देशातल्या पुढच्या वर्षीच्या सगळ्या मुलांचं भवितव्य असतं.

गोलकीपरचं काम आकड्यात कसं कळतं?

अडवलेले फटके भागिले एकूण फटके. लाटव्हियाच्या त्या सामन्यात त्यांच्या गोलकीपरने 57 पैकी 55 अडवले, म्हणजे साडेशहाण्णव टक्के. 91-92 टक्के म्हणजे चांगला दिवस. पालकांना एकच विनंती : तिसऱ्या गोलकीपरला "राखीव" म्हणून हिणवू नका. तो बहुतेक वेळा एकही सामना खेळत नाही, खरं सरावात सगळ्यांचे फटके तोच खातो.

फोटोत काही मुलांच्या तोंडावर पूर्ण जाळी असते, काहींना नुसती काच. का?

18 पूर्ण नसलेल्याला पूर्ण चेहरा झाकणं सक्तीचं आहे. 20 वर्षांखालील स्पर्धेत जाळीवाला दिसला की समजा, हा पोरगा सतरा किंवा त्याहून लहान असून मोठ्यांत खेळतोय. बेडार्ड 2023 मध्ये जाळीतच होता.

आइस हॉकी आणि आपली हॉकी एकच का? आपल्याकडे तर हॉकीची परंपरा आहे.

परंपरा आहेच. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातले बंडू पाटील बेळगावचे. खरं ती गवतावरची हॉकी. आइस हॉकीत चेंडूऐवजी रबराची चकती, पक म्हणतात तिला, 7.62 सेंटिमीटर रुंद आणि 156 ते 170 ग्रॅम वजनाची. फार उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. गवतावरच्या हॉकीतून मुलाला नजर आणि मनगट मिळतं. पाय मात्र पहिल्यापासून तयार करावे लागतात.

भारताचा संघ कुठे आहे?

वर्ल्ड ज्युनियरच्या वरच्या श्रेणीत भारत कधीच नव्हता. भारताची संघटना 27 एप्रिल 1989 पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे आणि आपले संघ आशियाई पातळीवर खेळतात : पुरुष 2009 पासून, महिला 2016 पासून. बहुतेक खेळाडू लडाखचे, काही हिमाचलचे. सैन्य आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) संघ तगडे. आपल्या भागात मराठा लाईट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार-हवालदार गावोगाव आहेत. लेहला पोस्टिंग झालेल्या एखाद्याला विचारा, गोठलेल्या तळ्यावर पोरं कशी खेळतात ते तो तुम्हाला हातवारे करून सांगेल. मला या खेळाबद्दल पहिल्यांदा अशाच एका माणसाने सांगितलं, येळ्ळूरच्या पारावर.

बेळगावच्या मुलाला रस्ता आहे का?

आहे. लांब आहे, आणि तो चाकांवरून सुरू होतो.

इथे बहुतेक मुलं क्वाडवर, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकांच्या स्केटवर, शिकतात. आइस हॉकी डोक्यात असेल तर दहा-अकराव्या वर्षी इनलाइनवर आणा, कारण एका रेषेतली चाकं ब्लेडच्या जवळची. रोलर स्केटिंगच्या राष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत इनलाइन हॉकी हा वेगळा प्रकार आहे, त्यात चार मैदानी खेळाडू आणि एक गोलकीपर. जागा, पास, अंगाची ठेवण तिथे बसते.

बर्फ मात्र वेगळा. दिल्लीजवळच्या एका मॉलमधल्या छोट्या रिंकवर मी तीन मुलांना पहिल्यांदा नेलं, तेव्हा आमचा सर्वांत चपळ पोरगा सुसाट निघाला आणि थांबायला त्याने सवयीने बोटांवर जोर दिला. क्वाडला पुढे रबरी ब्रेक असतो. हॉकीच्या स्केटला काहीच नसतं. तो तसाच सरळ फळीवर जाऊन आदळला, उठला, आणि मागे वळून बर्फावरच्या आपल्याच रेघेकडे बघत राहिला. बर्फावर थांबायचं म्हणजे दोन्ही पावलं आडवी करून ब्लेडच्या कडेने बर्फ खरवडायचा. खर्रर्र आवाज आला आणि पांढरा चुरा उडाला की जमलं. त्याला ते तिसऱ्या दिवशी जमलं.

नैसर्गिक बर्फ लेह, शिमला, गुलमर्ग इथे. 2024 आणि 2025 च्या खेलो इंडिया हिवाळी खेळांतली आइस हॉकी लेहलाच झाली. देहरादूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलेलं मोठं रिंक बरीच वर्षं बंद पडून होतं, ते 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं. बेळगावहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते, पुढची सोय तिथून. लेहला गेलात तर पहिले दोन दिवस मुलाला स्केट्स घालू देऊ नका. साडेतीन हजार मीटरवर आपल्या माणसाला जिना चढतानाही धाप लागते.

क्रम असा : राज्याचा संघ, मग राष्ट्रीय स्पर्धा, मग शिबिर, मग भारताची यादी.

आम्ही शिनोळीत राहतो, मूल बेळगावात शिकतं. कर्नाटकातून खेळायचं की महाराष्ट्रातून?

सीमेवरच्या घरांचा हा रोजचा पेच. एक राज्य ठरवा, तिथल्या संघटनेकडे नोंदणी करा आणि त्याच राज्यातून खेळा. सराव बेळगावात आहे म्हणून कर्नाटकाच्या चाचणीला आणि रेशनकार्ड चंदगडचं म्हणून महाराष्ट्राच्या चाचणीला, असं दोन्हीकडे नाव घालू नका, दोन्हीकडून जातं. मुलाला मराठी किंवा कन्नड कुठली येते याचा इथे काही संबंध नाही. ज्या बाजूला आठवड्यातून पाच दिवस सराव होतो ती बाजू निवडा, असं माझं मत.

भाऊ कॅनडात आहे, त्याचा मुलगा तिथे आइस हॉकी खेळतो. तो भारताकडून खेळेल का?

त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तरच. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

"थेट भारतीय संघात निवड, पैसे भरा" असा मेसेज आलाय. खरा का?

हा मेसेज खरा मानू नका. खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी उसाच्या बिलातून असे पैसे भरले. मुलाला "इंडिया" लिहिलेला टी-शर्ट मिळाला, परदेशातल्या एका हॉलमध्ये दोन सामने झाले, मेडल मिळालं. गावात मिरवणूक निघाली. पुढे कॉलेजच्या क्रीडा कोट्यात ते प्रमाणपत्र चाललं नाही. मिरवणुकीत मीही होतो आणि गप्प राहिलो, याचं वाईट वाटतं.

तीनच गोष्टी विचारा. चाचणी कुठे आणि कधी झाली? संघटनेला केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का? ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वेळापत्रकात दिसते का? चाचणीच झाली नसेल तर पुढचे दोन प्रश्न विचारायचीही गरज नाही.

मुलींना संधी आहे का?

आहे, आणि माझ्या मते मुलांपेक्षा जास्त. 18 वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा 2008 पासून होते. भारताच्या महिलांनी 2017 मध्ये बँकॉकला फिलिपाइन्सला 4-3 हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला आणि 2025 मध्ये अल ऐनच्या आशिया चषकात कांस्य आणलं. नऊ वर्षांत इथवर.

सामने आपल्याकडे किती वाजता दिसतात?

कॅनडा-अमेरिकेच्या पूर्व भागात संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. 2025 ची अंतिम लढत तशीच होती, 6 जानेवारीच्या पहाटे. रिंकवर धुकं होतं, मुलं स्वेटरवर हेल्मेट घालून बसली होती, आणि एकाच मोबाईलभोवती अकरा डोकी. फिनलंड 3-1 ने पुढे. गटात त्यांनीच अमेरिकेला हरवलं होतं. अमेरिकेने 3-3 अशी बरोबरी केली आणि जादा वेळेत टेडी स्टिगाने गोल केला. पुन्हा 4-3, पुन्हा जादा वेळ, फक्त या वेळी उलट्या बाजूने. वहीत गटाचा तक्ता लिहून आणलेल्या वडगावच्या एका पोरीने विचारलं, "सर, आता फिनलंडला एक गुण मिळणार की?" मी म्हटलं, "अंतिम सामन्याला गुण नसतात गं." तिने वही मिटली, बूट बांधले आणि सरावाला उतरली.